हॉपीज नंबर ९: शॉटगनचे चोक साफ करायला मस्त, पण ग्रीस वेगळं घ्याच

टेक्सासात स्पोर्टिंग क्ले (हवेत उडवलेल्या चकत्या शॉटगनने टिपायचा खेळ) खेळणारी बरीच मराठी मंडळी विचारतात की चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी आट्यांनी बसवायची आणि छर्रे किती पसरतील ते ठरवणारी निमुळती छोटी नळी, कशाने साफ करतोस, म्हणून लिहितोय. मी हॉपीज नंबर ९ वापरतो, १९०३ पासून चालत आलेलं बंदूक साफ करायचं सॉल्व्हंट (घाण विरघळवणारं द्रव) आहे आणि माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

चोकमध्ये नुसती काजळी नसते हो. काडतुसातला प्लॅस्टिकचा वॅड (छर्रे धरून ठेवणारा पेला) नळीतून घासत जातो आणि चोक निमुळता होतो तिथेच त्याचा थर बसतो, त्यावर शिशाचा राप. आता १२ बोअरच्या बंदुकीला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर नावाचा चोक म्हणजे साधारण इंचाचा शंभरावा भाग निमुळता, मॉडिफाइड नावाचा त्याच्या दुप्पट, एवढ्या बारीक मापात घाण साचू देऊन कसं चालेल?

आधी चेंबर उघडून बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, मग चोक काढून दहा-पंधरा मिनिटं सॉल्व्हंटमध्ये भिजवा. काजळी पटकन सुटते, प्लॅस्टिक मात्र भिजवून नरम पडलं तरी ब्राँझच्या ब्रशने घासावंच लागतं, आणि ब्रश चांगला घ्या, मी ऑनलाइन स्वस्तातला घेतलेला त्याचे केस लगेच गळायला लागले. बाहेरचे आटे जुन्या टूथब्रशने. नळीच्या तोंडाशी आतून जे आटे असतात तेही पुसा, तिकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही आणि चोक अडकतो तो तिथेच.

अर्धा मार्क कापला नाही खरं तर, तो ग्रीससाठी राखलाय. सॉल्व्हंटने आटे एकदम कोरडे होतात आणि तसाच चोक बसवला की ह्यूस्टनसारख्या दमट हवेत गंज धरून बसतो, मग गनस्मिथकडे जाण्याशिवाय इलाज नाही. साधं बंदुकीचं तेल नको, नळी तापली की पातळ होऊन निघून जातं. चोक ट्यूबचं ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) घ्या, बोटाने अगदी पातळ लावा, जास्त झालं की धूळ धरतं. पान्याने बेताचं आवळा, जोर काढू नका, आणि खेळताना स्टेशन (उभं राहून बार काढायची जागा) बदललं की बंदूक रिकामी करून हात लावून बघा. सैल चोकच्या मागच्या काठावर छर्रे आपटले तर चोक आणि नळी दोन्ही जातात. चोक न लावता बार तर कधीच काढू नका, उघडे आटे खराब होतात.

वास उग्र आहे, केळ्यासारखा गोडसर, मला आवडतो, पण गॅरेजचं दार उघडं ठेवूनच काम करा. लाकडी दस्त्यावर थेंब पडू देऊ नका, पॉलिश जातं. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि पुसायला वापरलेल्या चिंध्या लहान मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका, त्यात शिसं असतं.