कल्पना तपासायला गुगल फॉर्म्स कुठवर पुरतं?

अ‍ॅप बांधायच्या आधी मागणी आहे का हे बघायचं, तर गुगल फॉर्म्स फुकटात बरंच काम करतं. फॉर्म गुगल शीटला (ऑनलाइन तक्त्याला) जोडला की उत्तरं थेट तिथे जमा होतात. उत्तरानुसार वेगळ्या विभागात पाठवायचीही सोय आहे. तुमचं अ‍ॅप जी अडचण सोडवणार, ती ज्यांना येतच नाही त्यांना पहिल्याच प्रश्नानंतर बाहेर काढा, नाहीतर आकडे फुगतात.

खरी गडबड प्रश्नांत होते. ‘असं अ‍ॅप आलं तर वापराल का?’ विचारलं की लोक भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी विचारा: ही अडचण शेवटची कधी आली? तेव्हा काय केलंत? खर्च किती आला? पर्याय न देता मोकळं लिहू द्या. पाच-सहा प्रश्न पुरे.

एका व्यक्तीला एकच प्रतिसाद अशी मर्यादा लावली की गुगल खात्याने लॉगिन करावं लागतं आणि तिथेच माणसं गळतात. ती बंद ठेवा. फॉर्ममध्ये फोन नंबर विचारला असेल, तर दुबार नोंदी शीटमध्ये त्यावरून काढता येतात.

मोठी उणीव एकच, पैसे घ्यायची सोय मुळात नाही. आगाऊ रक्कम भरल्याशिवाय मागणी पक्की धरू नये, म्हणून फॉर्म भरल्यावर दिसणाऱ्या संदेशात पेमेंटची लिंक टाका. उत्पादन झालंच नाही तर पैसे कसे परत मिळतील, तेही तिथेच लिहा.