गोचीड तापावरील लसीचा शोध आणि आयईडीबीची मोफत साधने : एक परीक्षण

परभणी-हिंगोलीकडे होल्स्टीन किंवा जर्सी संकरित गायी पाळणाऱ्यांना गोचीड तापाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. खांद्यापुढची गाठ सुजते, ताप उतरत नाही, दूध आटते आणि उपचाराला उशीर झाला तर गाय दगावते. हायलोमा जातीच्या गोचिडांमार्फत पसरणाऱ्या थायलेरिया ॲन्युलाटा या परजीवीमुळे हा रोग होतो. त्यावर भारतात रक्षाव्हॅक-टी ही लस आहे. परंतु तिच्यात जिवंत, क्षीण केलेले परजीवी असल्याने ती द्रव नायट्रोजनमध्येच जपावी लागते, आणि खेडोपाडी ती वेळेवर पोहोचवणे सोपे नाही. परजीवीच्या निवडक प्रथिनांपासून साध्या शीतपेटीत टिकणारी लस करता येईल का, हा प्रश्न आमच्या भागासाठी म्हणूनच जिव्हाळ्याचा आहे. जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना मी ज्या सेवेचा नियमित वापर करतो, त्या ‘इम्यून एपिटोप डेटाबेस’ म्हणजेच आयईडीबीचे हे परीक्षण आहे. प्रथिनाचा जो छोटा तुकडा शरीराची प्रतिकारशक्ती ओळखते त्याला एपिटोप म्हणतात, आणि अशा तुकड्यांचा हा माहितीसाठा आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय ॲलर्जी व संसर्गजन्य रोग संस्थेच्या निधीतून चालणारी ही सेवा कॅलिफोर्नियातील ला होया येथील प्रतिकारशास्त्र संस्था सांभाळते. ती सर्वांना मोफत आहे आणि बहुतेक काम साध्या ब्राउझरमध्ये होते. ज्या महाविद्यालयात परवान्याचे सॉफ्टवेअर घेण्याची ऐपत नाही, तेथे याचे मोल फार मोठे आहे.

वापराची पद्धत अशी : प्रथिनाचा अमिनो आम्लांचा क्रम चौकटीत चिकटवायचा, प्राण्यांच्या यादीतून गाय निवडायची, प्रथिनांचे तुकडे प्रतिकारशक्तीपुढे मांडणाऱ्या, तिच्या पेशींवरील ‘बोला’ रेणूंचे प्रकार ठरवायचे आणि तुकड्याची लांबी, बहुधा नऊ अमिनो आम्लांची, सांगायची. थोड्या वेळाने येणाऱ्या तक्त्यात प्रत्येक तुकड्यासमोर त्याचा शतमक क्रमांक, म्हणजे इतर तुकड्यांच्या तुलनेत शंभरातले त्याचे स्थान, असतो. तो जितका लहान, तितकी तो तुकडा त्या रेणूला घट्ट बसण्याची शक्यता अधिक. थायलेरियाच्या बाबतीत या माहितीला विशेष अर्थ आहे, कारण हा परजीवी गायीच्या पांढऱ्या पेशींत शिरून त्यांनाच अनिर्बंध वाढायला लावतो, आणि अशा बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) याच रेणूंवर मांडलेले तुकडे पाहून त्या ओळखतात.

तरीही भाकीत करणाऱ्या साधनांपेक्षा मला या सेवेतील प्रयोगसिद्ध नोंदींचा साठा अधिक मोलाचा वाटतो. कोणता तुकडा कोणत्या प्राण्यात, कोणत्या चाचणीने तपासला आणि प्रतिसाद आला की नाही, हे तेथे नोंदलेले असते. नकारात्मक निष्कर्षही वगळलेले नसतात. विद्यार्थ्याने भाकिताचा तक्ता घेऊन येण्याआधी या नोंदी वाचाव्यात, असा माझा आग्रह असतो.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. मदतनीस टी-पेशींसाठीच्या (इतर प्रतिकारक पेशींना चालना देणाऱ्या टी-पेशींसाठीच्या) साधनांचा भर माणूस आणि उंदीर यांच्यावर आहे, आणि लोकसंख्येतील व्याप्ती मोजणारे साधन एचएलए, म्हणजे माणसातील ‘बोला’सारख्या रेणूंच्या प्रकारांवर बेतलेले आहे. गुरांच्या लसीवर काम करणाऱ्याला तेथे फारशी मदत मिळत नाही. त्याहून मोठी अडचण परजीवींच्या स्वभावातच आहे. थायलेरिया ॲन्युलाटाचा जनुकसंच 2005 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे 3,800 जनुके आहेत आणि परजीवीच्या प्रत्येक अवस्थेत त्यांतील वेगवेगळी कामाला लागतात. यातले कोणते प्रथिन निवडायचे, हे आयईडीबी सांगत नाही. टॅम्स-1 हे पृष्ठभागावरील प्रथिन तर परजीवीच्या वाणागणिक इतके बदलते, की एका वाणावरून निवडलेला तुकडा दुसऱ्यात सापडेलच असे नाही. त्यासाठी असलेले संरक्षितता, म्हणजे तुकडा निरनिराळ्या वाणांत तसाच आढळतो का हे तपासण्याचे साधन चांगले आहे आणि ते प्रत्येकाने वापरावे.

जनुकसंचापासून सुरुवात करून लस घडू शकते, हे मेंदूज्वर करणाऱ्या मेनिन्गोकोकस-बी या जिवाणूच्या बाबतीत सिद्ध झाले आहे. रिनो रापुओली यांच्या गटाने 2000 मध्ये मांडलेल्या कामातून पुढे आलेल्या लसीला युरोपात 2013 मध्ये मान्यता मिळाली. त्या गटाने मात्र संगणकाने सुचवलेली शेकडो प्रथिने प्रत्यक्ष तयार करून उंदरांत तपासली होती. याउलट जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये शिफारस केलेल्या हिवतापाच्या आरटीएस,एस लसीची रचना त्या परजीवीचा जनुकसंच वाचला जाण्याच्या कितीतरी आधीची आहे. पडद्यावर काही तुकडे एकमेकांना जोडून ‘लस तयार केली’ असे लिहिणारे प्रबंध वाढत असताना संगणकाचे भाकीत आणि प्रत्यक्ष तपासलेली लस यांतला फरक विद्यार्थ्यांना समजावून देणे मला फार गरजेचे वाटते.

पदव्युत्तर विद्यार्थी, पशुवैद्यकीय संशोधक आणि प्रथिन आधीच हाती असलेले प्रयोगकर्ते यांना मी ही सेवा निःशंकपणे सुचवेन. ज्यांच्याकडे पुढे गायीच्या रक्तातील पेशींवर तपासणी करण्याची सोय नाही, त्यांनी काम सुरू करण्यापूर्वीच अशी सोय असलेल्या प्रयोगशाळेशी बोलून घ्यावे.