बिझनेस प्लॅन स्पर्धा : मोठी राष्ट्रीय की आपल्या विद्यापीठाची?

पावसाळा सरत आला की सांगली, मिरज, कराडकडच्या इंजिनिअरिंग आणि एमबीएच्या मुलांचे फोन सुरू होतात. "दादा, कल्पना तयार आहे. मोठ्या स्पर्धेत उतरू की आपल्या विद्यापीठाच्याच?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. पिच डेक (परीक्षकांपुढे दाखवायच्या स्लाइड) कसा करायचा, टीम किती जणांची असावी, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

मी दोन्हीकडे उतरलो आहे. आमचं यंत्र बेदाण्याच्या शेडसाठी, म्हणजे द्राक्षं सुकवायच्या मांडवासाठी होतं. हवेतली आर्द्रता वाढली, पाऊस यायची लक्षणं दिसली की शेतकऱ्याला आधी कळवायचं, म्हणजे शेडचे पडदे वेळेत सोडता येतात. बेदाणा ओला झाला की काळा पडतो, आणि काळ्या मालाला सौद्यात (बाजारातल्या लिलावात) काय दर मिळतो ते तासगाव भागातल्या माणसाला सांगायला नको. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो, तोही असा गेला तर वर्ष गेलं. आज कुपवाडच्या एमआयडीसीत लहानशा गाळ्यात आम्ही हीच यंत्रं जोडतो. त्यामुळे पुढचं सगळं या एका धंद्याच्या अनुभवावरून आहे. तुमचा धंदा वेगळा असेल तर तेवढी सूट धरून वाचा.

एका बाजूला आयआयटी मुंबईची युरेका, आयआयटी खरगपूरची एम्प्रेसारिओ आणि मोठ्या मॅनेजमेंट संस्थांच्या स्पर्धा. युरेका १९९८ पासून चालू आहे, म्हणजे आज उतरणाऱ्या बहुतेक मुलांपेक्षा ती वयानं मोठी आहे. दुसऱ्या बाजूला शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात, कॉलेजांच्या ई-सेलमध्ये (उद्योजकता कक्षात) किंवा कॉलेजांतल्या इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिलमार्फत होणाऱ्या स्पर्धा. विद्यापीठांच्या आविष्कारला यात धरू नका. ती संशोधनाची स्पर्धा आहे. तिथे पोस्टर आणि संशोधनाची पद्धत बघतात. गिऱ्हाईक कोण आणि पैसे कधी येणार, हा तिथला मुख्य प्रश्न नाही. दरवर्षी चांगली धंद्याची कल्पना घेऊन मुलं तिथे जातात आणि हिरमुसून परत येतात.

राज्य सरकारचा स्टार्टअप वीकही वेगळा. तिथे निवड झालेल्यांना सरकारी खात्याबरोबर काम करून दाखवायला लाखांतली वर्क ऑर्डर मिळते. बक्षिसापेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट, पण ती कंपनी उभी राहिल्यावरची. कॉलेजात असताना तिचा विचार नको.

बक्षिसाच्या रकमेवर मी फार वेळ घालवणार नाही. मोठ्या स्पर्धेत आकडे लाखांत असतात, इकडे हजारांत. २०२२ च्या राज्य सरकारच्या स्टार्टअप यात्रेत जिल्हा पातळीवर २५, १५ आणि १० हजार अशी बक्षिसं होती. त्यावरून जिल्ह्याच्या पातळीवर साधारण काय अपेक्षा ठेवायची ते कळतं. दोन-तीन नमुने बनवून शेडवर लावून बघायचे म्हटलं तर एवढे पैसे सेन्सर, बॅटरी आणि पेट्रोलमध्येच जातात. लाखांचं बक्षीस मिळालं तर उत्तमच, पण ते मिळणाऱ्या टीम किती आणि उतरणाऱ्या किती याचा विचार करा. बक्षीस धरून वर्षाचं नियोजन करू नये असं मला वाटतं.

आता ज्या एका गोष्टीनं माझं मत ठरलं ती सांगतो.

ती गोष्ट म्हणजे बाजारपेठेच्या आकड्याची स्लाइड. आम्ही ज्या मोठ्या स्पर्धेत पुढच्या फेरीपर्यंत पोहोचलो ती वर नाव घेतलेल्या दोन्हींपैकी नव्हे, आणि नाव सांगायचं कारणही नाही. एकूण बाजार किती कोटींचा, त्यातला तुम्हाला गाठता येणारा किती, पाच वर्षांत त्यातला किती टक्के घेणार, हे सगळं त्यांच्या ठरावीक साच्यात भरायचं होतं. आमचं गिऱ्हाईक होतं तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, जतचे शेडवाले, फार तर पुढे सोलापूर जिल्हा आणि विजापूरकडचा भाग. आकडा खरा होता आणि लहान होता. आम्हाला जो मार्गदर्शक दिला होता तो भला माणूस होता. त्यानं सांगितलं, एवढ्यावर परीक्षक थांबणार नाहीत, मोठं करा. मग बेदाण्याला हळद जोडली, हळदीला मिरची, मिरचीला सुकी मासळी. "देशातल्या सर्व सुकवणीच्या शेतमालासाठी" असं मथळ्यात आलं. आकडा फुगत गेला, पण रात्री-रात्री बसून आम्ही ज्या गोष्टीवर काम करत होतो ती आमची राहिली नव्हती. मासळी वाळवायच्या ओट्यावर कुठला सेन्सर टिकतो हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

परीक्षकांसमोर चौथ्या मिनिटाला प्रश्न आला तो याच स्लाइडवर. उरलेला सगळा वेळ आकड्यावर गेला. यंत्र टेबलावर होतं, पण कुणी ते हातात घेऊन बघितलं नाही.

हे लिहिताना माझा कुणावर राग नाही. गुंतवणूकदार दहा ठिकाणी पैसे घालतो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणचे बुडतात, म्हणून जे एक-दोन टिकतात त्यांना खूप मोठं व्हावं लागतं. त्याच्या जागी बसून पाहिलं तर तो प्रश्न बरोबरच आहे. या स्पर्धांचं मूळही असंच आहे. १९८४ साली टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनच्या एमबीए विद्यार्थ्यांनी मूट कॉर्प सुरू केली. वकिलीच्या विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालयावरून (मूट कोर्ट) त्यांना ती सुचली होती. १९९० मध्ये एमआयटीची स्पर्धा आली आणि तो साचा जगभर गेला. गुंतवणूकदारापुढे बाजू कशी मांडायची याचा हा सराव आहे. ज्याला पुढे गुंतवणूकदाराकडेच जायचं आहे त्याला तो हवाच. पण कुपवाडच्या गाळ्यात सुरू होणाऱ्या धंद्याला पहिला पैसा बहुतेक वेळा बँकेकडून, घरातून किंवा पहिल्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेतून येतो. त्या तिघांपैकी कुणीही देशाची बाजारपेठ विचारत नाही.

मग तीच कल्पना, मासळी काढून, आम्ही जवळच्या स्पर्धेत नेली. परीक्षकांत एक प्राध्यापक, एक बँकेतले अधिकारी आणि एक स्वतःची शेड असलेले बागायतदार. बागायतदारांनी यंत्र उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे चालतंय कशावर?" आम्ही म्हटलं, विजेवर, बॅटरी बॅकअप आहे. ते म्हणाले, "शेतीच्या लाइनला वीज आठ तास, ती पण पाळीनं. बॅटरी किती टिकती ते सांग." मग पुढचा प्रश्न, "आणि रात्री दोनला मेसेज आला तर वाचणार कोण? मालक गावात झोपलेला. शेडवर असतो गडी, त्याच्याकडं साधा फोन, तो पण उशाला बंद." आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीच सांगितलं, "भोंगा लावा की. जागा झाला की पडदे सोडतोय तो."

आज आमच्या यंत्राला लहान सोलर पॅनेल आहे आणि भोंगा आहे. मेसेज जातो, पण विकलं जातं ते भोंग्यामुळे.

बँकेतल्या साहेबांनी दुसरा धागा धरला. तुमचा माल विकला जाणार कधी? द्राक्षं सुकायला येतात साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे यंत्र घेणारा माणूस डिसेंबर-जानेवारीत घेणार. पैसे मात्र त्याच्याकडे बेदाणा सौद्यात निघाल्यावर येणार, आणि माल कोल्ड स्टोरेजला ठेवला तर आणखी पुढे. तेवढे महिने सेन्सरवाल्याचे पैसे तुम्ही कुठून देणार? खेळत्या भांडवलाचा हा प्रश्न मोठ्या स्पर्धेच्या साच्यात कुठेच नव्हता. तिथे महिन्यागणिक वर चढणारी रेघ दाखवायची होती. हंगामी धंद्यात अशी रेघ नसतेच. दोन-तीन महिने उंच उडी असते आणि मग सपाट.

त्या स्पर्धेसाठी कोटेशनं जोडून, गाळ्याचं भाडं धरून, वर्षाचा पैशाचा आवक-जावक तक्ता मांडून जे कागद तयार केले, तेच थोडे नीट करून पुढे प्रकल्प अहवाल म्हणून वापरता आले. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे, प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान प्रवर्ग आणि ठिकाण बघून मिळतं, आणि अर्ज जिल्हा उद्योग केंद्राकडून बँकेत जातो. बँकेच्या टेबलावर स्लाइड चालत नाही, अहवाल लागतो. मोठ्या स्पर्धेचा आमचा डेक अजून लॅपटॉपमध्ये आहे. तो पुन्हा उघडायची वेळ आली नाही.

जवळच्या स्पर्धांत सगळं छानच असतं असं मात्र नाही. काही ठिकाणी परीक्षक सगळे प्राध्यापकच असतात आणि गुण इंग्रजी बोलण्यावर पडतात. सत्कार आणि भाषणांत सकाळ जाते, मग प्रत्येक टीमला दिलेली वेळ निम्मी होते. निकाल लागला की प्रमाणपत्र हातात येतं आणि पुढे कुणी विचारत नाही. अशा स्पर्धेपेक्षा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबईला गेलेलं कधीही बरं. तिथे निदान देशभरातून आलेल्या मुलांची तयारी बघून आपली पातळी कळते. ओळखी होतात, त्यातल्या काही पुढे कामालाही येतात. आमच्या यंत्राचा सर्किट बोर्ड आज जो माणूस बनवून देतो तो तिथेच भेटला, हे मान्य केलं पाहिजे.

तुमचं काम ॲपचं, सॉफ्टवेअरचं किंवा वैद्यकीय उपकरणाचं असेल, सांगलीतला गिऱ्हाईक आणि गुवाहाटीतला गिऱ्हाईक यांत फरक नसेल, तर बहुधा मोठ्या स्पर्धेचा फायदा जास्त. बाजारपेठेची ती स्लाइड तुमच्या बाबतीत खरीच असेल. इन्क्युबेटरपर्यंत, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या केंद्रांपर्यंत, पोहोचायचा रस्ताही तिकडून सोपा जातो. नमुना बनवायला केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेतून १० लाखांपर्यंत अनुदान इन्क्युबेटरमार्फतच मिळतं, आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडियाच्या सीड फंडातलं कल्पना सिद्ध करायचं २० लाखांपर्यंतचं अनुदानही त्यांच्यामार्फतच होतं.

पण हळद, बेदाणा, गूळ, स्ट्रॉबेरी, दूध, फाउंड्री, यंत्रमाग यांतलं काही असेल, तर माझं मन जवळच्या स्पर्धेकडे झुकतं. साताऱ्याच्या मुलांनाही हेच सांगेन. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं पॅकिंग सुधारणारी कल्पना असेल तर ती आधी अशा माणसासमोर जाऊ दे ज्याचा माल घाट उतरताना दबून खराब झाला आहे. मुंबई त्यानंतरच्या वर्षीही आहे.

दोन्हीकडे लागू होणारी एक गोष्ट राहिली. यंत्रात नवीन काही असेल तर स्टेजवर दाखवण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता, पहिला) अर्ज करून ठेवा. आपल्याकडे आधी जाहीर झालेली गोष्ट पुढे पेटंटला अडचणीची ठरते, आणि कॉलेजच्या सभागृहात दाखवलेली गोष्टही जाहीरच धरली जाऊ शकते. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आहे. त्यानंतर पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात.

आणि जवळच्या स्पर्धेचा फॉर्म भरण्याआधी आयोजकांना फोन करून परीक्षक कोण आहेत ते विचारा. तुमच्या धंद्यातला एखादा माणूस आणि बँकेतला किंवा उद्योग केंद्रातला एखादा माणूस असेल तर बिनधास्त भरा. धंद्यातला माणूस नसेल तर आयोजकांना एखादं नाव सुचवून बघा. पुष्कळदा त्यांनाही परीक्षक शोधायचेच असतात, आणि आपल्याकडचे शेडवाले, गुऱ्हाळवाले, कारखानदार बोलावलं की येतात.