सेकंडहँड हेवी-ड्यूटी पिकअप, पेट्रोल की डिझेल? चौदा महिने दोन्ही ओढून पाहिल्यावर

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. अमेरिकेत ‘गॅस’ म्हणतात ते पेट्रोल, आपल्या सीएनजीशी त्याचा काही संबंध नाही. आणि इथे विषय पाऊण टनी वर्गाचा आहे, म्हणजे फोर्ड एफ-२५०, रॅम २५००, शेवरले सिल्व्हराडो २५०० यांचा.

हा अनुभव २०१७ सालच्या दोन एफ-२५० चा. दोन्ही क्रू कॅब (चार दरवाजांचे), दोन्ही फोर बाय फोर. एकात ६.२ लिटरचं पेट्रोल व्ही-८ (३८५ हॉर्सपॉवर, ४३० पौंड-फूट टॉर्क), दुसऱ्यात ६.७ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल (४४० आणि ९२५). घेताना पेट्रोल ट्रक ८४,००० मैल चाललेला होता, डिझेल १,१२,०००. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या आसपास १४ महिने दोघांनाही तीच दोन कामं दिली. एक, ७,५०० पौंडांचा कॅम्पिंग ट्रेलर. दुसरं, फ्लॅटबेड ट्रेलर, जो भरल्यावर १२,५०० पौंडांना जातो, म्हणजे साडेपाच टनांच्या वर.

‘जड काम म्हणजे डिझेल’ हे आपण महाराष्ट्रातून डोक्यात घेऊनच येतो. तिकडे डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त, टेम्पोपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं त्याच्यावर चालतं. अमेरिकेत बहुतेक वेळा डिझेल महाग असतं. शिवाय २००७ नंतरच्या डिझेल पिकअपला धूर गाळणारी जी यंत्रणा लागली, तिने सगळा हिशेबच बदलला. ट्रक आठवड्यातून किती वेळा सलग, गरम होऊन, वजन घेऊन चालणार आहे, यावर निवड करायची. हॉर्सपॉवरचे आकडे त्यानंतर बघायचे.

डिझेल जिथे खरोखर जिंकतं तो घाटाचा भाग आधी. डेन्व्हरहून आय-७० हायवेने पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत रस्ता ११,००० फुटांच्या वर चढतो. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं. म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी ३८५ हॉर्सपॉवरचे जेमतेम २६० उरतात. ७,५०० पौंड मागे असताना आमचा पेट्रोल ट्रक तिथे ४,५०० आरपीएमवर ओरडत ताशी ४०-४५ मैलांनी चढतो. १२,५०० पौंड असले की ३०-३५, आणि उजवी लेन सोडायची नाही. हा आवाज ऐकून नवखा माणूस घाबरतो, पण हे इंजिन त्या आरपीएमसाठीच बनलेलं आहे. तापमानाचा काटा जागेवर असेल तर खुशाल ओरडू द्या. डिझेल तोच चढ २,२०० ते २,५०० आरपीएमवर, ५५ च्या वेगाने, गप्पा मारता येतील इतक्या शांतपणे चढतं. टर्बोमुळे विरळ हवेचा फटका त्याला फारच कमी बसतो.

उतरताना फरक आणखी जाणवतो. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेकचं बटण आहे. दाबलं की टर्बोच्या पाती आवळतात, एक्झॉस्ट कोंडतो आणि ब्रेकला पाय न लावता ट्रक वेग धरून उतरतो. पेट्रोल ट्रकमध्ये टो-हॉल मोड (ओढताना खालचा गियर धरून ठेवणारी सोय) लावून खालच्या गियरात उतरायचं, आणि तरीही मधूनमधून ब्रेक लागतोच. सतत पाय ठेवू नका. एकदा जोरात दाबून १० मैल वेग कमी करा आणि सोडून द्या, म्हणजे डिस्क थंड होतात. दर आठवड्याला १०,००० पौंडांवरचं वजन घेऊन असे घाट करायचे असतील तर पुढचा फक्त वजनाचा मुद्दा वाचा. डिझेल घ्या.

पेट्रोलच घेणार असाल तर मागच्या एक्सलचा गियर रेशो बघा, आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त. ६.२ ला ३.७३ किंवा ४.३० येतो. ओढायचं असेल तर ४.३०. कोलोरॅडोत पंपावर ‘रेग्युलर’ म्हणून ८५ ऑक्टेन विकतात, मॅन्युअल मात्र किमान ८७ मागतं. ट्रेलर मागे असताना तिथे पैसे वाचवू नयेत.

वजनाचा एक मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, आणि आमच्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर पिवळं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते त्यावर छापलेलं असतं. या वर्गात ट्रकचं भारासकट एकूण वजन बहुधा १०,००० पौंडांवर बांधलेलं. डिझेल इंजिन, त्याचा कूलिंगचा पसारा, धुराची यंत्रणा मिळून ६०० ते ८०० पौंड जास्त भरतात, आणि ते थेट या आकड्यातून जातात. आता हिशेब करा. डिझेल ट्रक स्वतः ७,९०० पौंड भरला तर उरले २,१००. पेट्रोल ७,१०० भरला तर उरले २,९००. साडेदहा हजार पौंडांचा फिफ्थ-व्हील ट्रेलर (हौद्यातल्या सांध्यावर बसणारा) आपल्या वजनाचा साधारण २० टक्के भार ट्रकच्या हौद्यात टाकतो, म्हणजे २,१००. वर हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) १५०, चार माणसं ६००. झाले २,८५०. पेट्रोल ट्रक हा भार नियमात घेतो, ९२५ टॉर्कचा डिझेल घेत नाही! इंजिन ओढेल हो, पण स्टिकर ओलांडलं की अपघातानंतर विमा आणि कोर्ट दोन्हीकडे उत्तर देणं जड जातं. असे ट्रेलर ओढायला डिझेल हवा असेल तर एक टनी ३५० किंवा ३५०० बघा.

आता डिझेलची दुखरी बाजू. डीपीएफ म्हणजे काजळी धरून ठेवणारी जाळी. ती भरली की इंजिन जादा डिझेल टाकून ती काजळी जाळतं, त्याला रीजेन म्हणतात. आमच्या वापरात दर २५० ते ४०० मैलांनी रीजेन लागतं आणि हायवेवर २०-२५ मिनिटांत उरकतं. डॅशबोर्डवर फिल्टर साफ होत असल्याचा संदेश येतो, अॅव्हरेज पडतं, खाली तापलेल्या लोखंडाचा वास येतो. त्या वेळी वाळल्या गवतावर ट्रक उभा करू नये, पेट घेऊ शकतं. मुलांची शाळा, किराणा, चार मैलांचं ऑफिस एवढंच काम असेल तर रीजेन सुरू होतं आणि अर्ध्यात तुटतं, पुन्हा सुरू, पुन्हा तुटतं. ज्या इंजिनांत हे जादा डिझेल सिलिंडरमध्येच फवारतात, तिथे त्यातलं थोडं रिंगांवरून घसरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर समजा ट्रक छोट्या फेऱ्यांवर झिजलाय.

दुसरी मोठी भीती हाय-प्रेशर पंपाची. सीपी-४ नावाचा बॉश पंप ६.७ पॉवर स्ट्रोकमध्ये आहे, २०११ ते २०१६ च्या शेवरलेच्या ड्युरामॅक्स डिझेलमध्ये आहे, आणि २०१९-२० च्या रॅमच्या कमिन्स डिझेलमध्येही होता. अमेरिकन डिझेलचा वंगणपणा कमी, त्यात पाणी गेलं की पंप आतून खरवडतो आणि लोखंडाचा चुरा रेल (इंधनाची नळी), इंजेक्टर, टाकी सगळीकडे पसरतो. मग नुसता पंप बदलून भागत नाही; पूर्ण इंधन यंत्रणा बदलावी लागते आणि खर्च आठ-दहा हजार डॉलरच्या घरात जातो. म्हणून वॉटर सेपरेटरचं पाणी दर महिन्याला काढायचं, दोन्ही फ्युएल फिल्टर १५,००० मैलांना बदलायचे, आणि वर्दळ नसलेल्या पंपावर डिझेल भरायचं नाही. नोझलच्या रंगावरही विसंबू नका. बऱ्याच पंपांवर हिरवा नोझल डिझेलचा असतो, बीपीच्या पंपांवर मात्र पेट्रोलचा.

पैशांचं गणित सरळ आहे. वर्षाला १२,००० मैल धरा. मिश्र वापरात आमच्या पेट्रोल ट्रकला गॅलनला ११ मैल पडले, डिझेलला साडेचौदा. म्हणजे १,०९१ गॅलन विरुद्ध ८२८. पेट्रोल ३.१० आणि डिझेल ३.७० डॉलर असताना खर्च ३,३८२ आणि ३,०६४. वाचले ३१८. त्यातून डीईएफ, म्हणजे युरियाचं पाणी, डिझेलच्या दोन-अडीच टक्के लागतं, ऑइल ७ क्वार्टऐवजी १३ क्वार्ट, फिल्टर वेगळे. हातात काहीच राहत नाही. खरेदीला मात्र डिझेलसाठी आठ-दहा हजार जास्त मोजलेले असतात. विकताना त्यातले बरेच परत येतात, हे खरं, पण तोवर एकही मोठी दुरुस्ती निघाली नाही तरच.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेट उघडून हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. पेट्रोल ट्रक थंड असताना टिक-टिक करतो आणि पाच मिनिटांत गप्प होतो, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीचा) बोल्ट तुटलेला असण्याची शक्यता जास्त. या वर्गात हा नेहमीचा आजार आहे. खर्च पार्टचा नसतो, तुटका बोल्ट ड्रिल करून काढण्याचा असतो. रॅमच्या ६.४ लिटरच्या हेमी पेट्रोल इंजिनात टिक-टिक गरम झाल्यावरही थांबत नसेल तर लिफ्टर आणि कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) शंका घ्या आणि तो ट्रक सोडा. ६.२ आणि हेमी दोन्हीत स्पार्क प्लग १६ असतात. एक लाख मैलांच्या आसपास ते बदललेत का विचारा.

डॅशबोर्डवर इंजिन किती तास चाललं ते दिसतं, फोर्डमध्ये नुसतं उभं राहून किती तास चाललं तेही. मैलांना तासांनी भागा. ३० च्या वर आलं तर ट्रक हायवेवर चाललाय. १,००,००० मैल आणि ५,००० तास, म्हणजे सरासरी २०, तर तो साइटवर एसी लावून उभा राहिलेला. डिझेलला हे उभं राहणंच मारतं. ओबीडी स्कॅनर (ट्रकच्या संगणकाला जोडायचं यंत्र) लावून डीपीएफमध्ये काजळी किती आणि शेवटचं रीजेन किती मैलांपूर्वी झालं ते वाचा. ‘रेडिनेस’च्या, म्हणजे ट्रक स्वतःच्या यंत्रणांवर घेतो त्या, चाचण्या अपूर्ण दिसल्या तर कोणीतरी कालपरवाच बिघाडाचे कोड पुसलेत. जड नाकामुळे डिझेलचे पुढचे बॉल जॉइंट (चाक वळू देणारे सांधे) लवकर जातात. जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवून बघा.

२००३ ते २००७ चं ६.० आणि २००८ ते २०१० चं ६.४ पॉवर स्ट्रोक कितीही स्वस्त मिळालं तरी घरचा एकुलता ट्रक म्हणून घेऊ नका.

राहिला ‘डिलीट’ केलेला ट्रक, म्हणजे डीपीएफ काढून टाकलेला. फेडरल क्लीन एअर अॅक्टखाली ही छेडछाड बेकायदा आहे, आणि डेन्व्हरच्या पट्ट्यात डिझेललाही धुराची तपासणी आहे. जाहिरातीत हे लिहीत नाहीत. थंड सायलेन्सरच्या टोकात बोट घालून आतून फिरवा. जाळी शाबूत असलेल्या ट्रकमध्ये लाख मैलांनंतरही बोट जवळजवळ कोरं बाहेर येतं. काळंकुट्ट आलं तर जाळी फुटलीय, नाहीतर ती जागेवरच नाही.