घरचं रोइंग मशीन: हवेचं की पाण्याचं?

बसून होडी वल्हवल्यासारखा व्यायाम देणारी ही दोन मशीनं: हवेच्या पंख्यावर चालणारं कॉन्सेप्ट टू कंपनीचं रोअर्ग आणि पाण्याच्या टाकीचं वॉटररोअर, दोन्ही दणकट. निवडताना आधी गुडघे बघा, मग खोली मोजा.

रोअर्गची बैठक जमिनीपासून 14 इंचांवर, म्हणजे खुर्चीपेक्षा बरीच खाली. गुडघे कुरकुरत असतील तर बसणं जमतं, उठताना मात्र त्रास होतो. त्यासाठी याच मशीनचं उंच पायांचं मॉडेल आहे, त्याची बैठक 20 इंचांवर येते. घरात आई-वडीलही वापरणार असतील तर तेच घ्या. वॉटररोअरची बैठक आणखी बुटकी आहे.

जागेच्या बाबतीत पारडं फिरतं. रोअर्ग 8 फूट लांब. वापरताना 9 फूट तरी मोकळे हवेत. त्याचे दोन भाग अवजारांशिवाय सुटतात, पण रोज सोडा-जोडा करायचा कंटाळा येतोच. वॉटररोअर पाण्यासकट भिंतीशी उभं राहतं. वन बीएचकेत हा फार मोठा फायदा.

आवाजाचंही तसंच. पंखा घोंघावतो, पाणी नुसतं खळखळतं. पहाटे शेजारच्या खोलीत मूल झोपलेलं असेल तर पाणीच बरं.

दोन्हींत जितक्या जोरात ओढाल तितका विरोध वाढतो. रोअर्गवर पंख्यात किती हवा शिरेल ते ठरवणारी 1 ते 10 आकड्यांची खिटी असते. नवखे थेट 10 वर नेतात आणि कंबर धरून बसतात. 3 ते 5 पुरे.

गुडघे ठणठणीत आणि घर लहान असेल, तर मी वॉटररोअर सुचवेन. आकडे मोजून सराव करणाऱ्यांनी रोअर्गच घ्यावं, त्याचा मॉनिटर सरस आहे.