सरकारी भरती की प्रायव्हेट हायरिंग: तुमची निवड नेमकी कोण आणि कशी करतं

दोन्हीकडे अर्ज टाकून ठेवायचे आणि आधी लागेल ते धरायचं असं बरेच जण करतात, त्यात चूक काही नाही, पण तोच बायोडेटा आणि तीच तयारी घेऊन दोन्ही दारात उभं राहिलात तर दोन्हीकडे मार खाल.

सरकारी भरतीत निवड करणाऱ्याला ज्याला घेतलं नाही त्यालाही उत्तर द्यावं लागू शकतं, तो तक्रार करेल, अपील करेल, कोर्टात जाईल. म्हणून सगळं आधीच कागदावर. जाहिरात, पात्रता, वयाची अट, मार्क कशाला किती. अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत पदवी हातात हवी असं लिहिलं असेल आणि तुमचा निकाल दुसऱ्या दिवशी लागला तर तुम्ही कितीही हुशार असा, बाहेर. समोरच्या क्लार्कशी वाद घालून उपयोग नाही, तुम्हाला सूट दिली की तो स्वतः अडकतो! आणि हे नियम उगाच आलेले नाहीत, आधी नोकऱ्या वशिल्यानेच मिळायच्या. ब्रिटनमध्ये १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने स्पर्धा परीक्षेची शिफारस केली, आणि अमेरिकेत तर १८८१ मध्ये सरकारी पद न मिळालेल्या माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्डना गोळ्या घातल्या, मग १८८३ ला परीक्षा घेऊन गुणवत्तेवर सरकारी नोकऱ्या द्यायचा पेंडलटन कायदा आला.

प्रायव्हेटमध्ये मॅनेजरला उत्तर द्यायचं ते फक्त त्याच्या बॉसला. हा माणूस काम उरकेल का, टीममध्ये खपेल का, बस. त्यामुळे रेफरलला, म्हणजे आतल्या कुणी तुमचं नाव सुचवण्याला, वजन, कधीकधी तर जाहिरात येईपर्यंत माणूस मनात ठरलेला असतो. मोठ्या कंपनीत बायोडेटा आधी सॉफ्टवेअरमधून जातो म्हणून जाहिरातीतले शब्द (जे तुम्हाला खरंच येतं तेवढेच हां) त्यात दिसू द्या. मग एचआरचा फोन, टेक्निकल राउंड, मॅनेजर, आणि कुठल्याही टप्प्यावर एकदम शांतता. का नाही घेतलं ते सहसा कळतच नाही. भेदभावाविरुद्ध कायदे बऱ्याच देशांत आहेत पण सिद्ध करणं अवघड. बॉस्टन आणि शिकागोमध्ये संशोधकांनी सारखेच बायोडेटा फक्त नावं बदलून पाठवले होते, २००४ ला तो अभ्यास छापून आला, गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्यांना जवळपास ५० टक्के जास्त फोन आले.

म्हणून सरकारी पद्धत जास्त न्याय्य का? बऱ्याच अंशी हो, पण लेखी परीक्षेत पाठांतरवाला पुढे जातो आणि काम येणारा मागे राहतो हेही होतंच. खरं तर इंटरव्ह्यू चांगला की वाईट हे सरकारी-प्रायव्हेटवर नाही ठरत. सगळ्यांना तेच प्रश्न, उत्तरांना ठरलेले मार्क, असा इंटरव्ह्यू पुढच्या कामाचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा चांगला देतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. सरकारी पॅनेलपुढे म्हणूनच नुसतं "मी मेहनती आहे" नको, प्रत्येक निकषाला एक घडलेलं उदाहरण द्या, कारण समोरचा मार्कांच्या कागदावर काहीतरी लिहायला शोधत असतो. प्रायव्हेटमध्ये मात्र आधी केलेलं काम उघडून दाखवा, लिंक, फाइल, काहीही.

पगाराचं म्हणाल तर सरकारीत स्केल ठरलेलं, घासाघीस जवळपास नाहीच. प्रायव्हेटमध्ये ऑफर हातात आली की सही करायच्या आधीचे ते थोडे दिवसच तुमचे, तेव्हा बोला, नंतर कोण ऐकतं.

वेळ हा मोठा मुद्दा आहे. प्रायव्हेट काही आठवड्यांत आटपतं, सरकारी भरती महिनोन्महिने चालते आणि मध्येच अडकूही शकते, वेटिंग लिस्ट तर वेगळीच. घरात पैसे लगेच लागत असतील तर माझ्या मते आधी प्रायव्हेट पकडा आणि अभ्यास चालू ठेवा. नकाराचं कारण कळलं नाही की ज्यांची झोप उडते त्यांनी सरकारीकडे जास्त जोर लावावा, निदान स्वतःचे मार्क तरी बऱ्याच ठिकाणी बघायला मिळतात. आणि सरकारीत लिस्टमध्ये नाव आलं म्हणून लगेच राजीनामा टाकू नका, कागदपत्रं तपासणी, मेडिकल, मागची चौकशी बाकी असते, नेमणुकीचं पत्र हातात पडू द्या.