खाऱ्या वाऱ्यातली जुनी ‘सेमी’: ठेवावी की भंगारात द्यावी?

कोकणात कपडे धुण्याची जुनी दोन टबांची मशीन, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक उर्फ ‘सेमी’, जोखायची असेल तर धुण्याच्या टबाकडे नंतर बघावं, आधी ड्रायर फिरवून बघावा. धुणं काय, विहिरीवरच्या दगडावरही होतं. पण आषाढात पडवीत, माजघरात, चुलीवरच्या दोरीवर टाकलेली चादर चौथ्या दिवशीही कुबट वास मारते, ती पाच मिनिटांत निथळून देणं दगडाला जमत नाही. १९९० च्या दशकात घेतलेल्या व्हिडिओकॉन, बीपीएल, व्हर्लपूल अजून मागीलदारी उभ्या आहेत त्या या एका गुणावर. व्हिडिओकॉन कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, मशीन मात्र चालू आहेत. पार्टची फार चिंता करू नये. बेल्ट, कपॅसिटर, टाइमर, सील ही मंडळी मापावर मिळतात, कंपनीच्या नावावर नाही.

तर निकाल असा: ड्रायरची टोपली डुलत नसेल आणि तळ शाबूत असेल, तर मशीन ठेवावी आणि तिच्यावर खर्चही करावा. तळ गेला असेल तर मोटर कितीही गोड आवाज करत असो, एक रुपया घालू नये.

तळाचं एवढं कौतुक का, तर किनाऱ्यावर मशीन मरते ती खालून वर. दोन्ही टब प्लास्टिकचे, त्यांना काही होत नाही. बाहेरचा पत्रा आणि मोटर ज्या पट्ट्यांवर बसते त्या पट्ट्या लोखंडी. खारी हवा, साबणाचं पाणी आणि पावसात फरशीला सुटणारा ओलावा तिन्ही मिळून पत्र्याची खालची कड आधी खातात. रंगाखाली फुगवटा दिसला की आत गंज पोचलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघावं. पत्रा टणक लागला तर वेळ आहे, टोक आत गेलं तर वेळ गेली.

वेळ असेल तर एप्रिल-मे गाठावा. मागचा पत्रा काढून तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, रेड ऑक्साइडचा एक हात, तो वाळला की ऑइलपेंटचे दोन हात. बाहेरून चकचकीत करून आतली बाजू तशीच सोडली तर गणपतीपर्यंतही टिकत नाही, गंज आतूनच येतो. स्क्रू परत बसवताना प्रत्येकाला ग्रीस लावावं, नाहीतर पुढच्या वेळी डोकं तुटून हातात येतं. मशीन सरळ फरशीवर न ठेवता जांभ्याच्या किंवा सिमेंटच्या सहा-आठ इंची ओट्यावर ठेवावी, पण खालून हवा खेळली पाहिजे. वर प्लास्टिकचं कापड पांघरून ठेवायची सवय वाईट. पाऊस अडतो खरा, पण आतली दमट हवा आतच कोंडते.

आता ड्रायर. त्याची मोटर चार पोलची, ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे घेते. मोटरच्या वर तिला शाफ्टशी जोडणारं कपलिंग, त्यातच ब्रेकचा ड्रम, त्यातून वर गेलेला शाफ्ट आणि शाफ्टवर टोपली. मोटर तीन स्प्रिंगांवर तरंगत असते. शाफ्ट टबाच्या तळातून जिथे वर येतो तिथे रबराची घडीदार सील असते. ड्रायरचे बहुतेक रोग या सीलपासून सुरू होतात. ती चिरली की निथळलेलं पाणी शाफ्टवरून थेट मोटरवर उतरतं. सुरुवातीला ड्रायर फिरताना त्या बाजूखाली थोडीशी ओल दिसते, मग बेअरिंग करकरायला लागतं, मग एके दिवशी घरातला एमसीबी पडतो. ओल दिसताच सील बदलली तर शे-दोनशेचं काम. दुर्लक्ष केलं की मोटरच घ्यावी लागते, म्हणजे हजार-दोन हजारांचा फटका.

सील बदलणं अवघड नाही, गंजामुळे अवघड होतं. प्लग काढून मागचा पत्रा उघडायचा, कपलिंगच्या बोल्टची लॉकनट सैल करायची, बोल्ट मागे घ्यायचा आणि टोपली सरळ वर खेचायची. किनाऱ्यावरच्या मशीनमध्ये हा बोल्ट बहुधा जाम झालेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवावं. घाईत पान्याला जोर दिला तर बोल्ट अर्ध्यात तुटतो आणि मग हॅकसॉ ब्लेडने कापत बसावं लागतं. नवी सील बसवताना शाफ्ट पॉलिश पेपरने गुळगुळीत करून सीलच्या ओठाला ग्रीस द्यावं. खडबडीत शाफ्टवर नवी सीलही महिन्या-दोन महिन्यांत खरवडून निघते, आणि मग दोष पार्टला दिला जातो.

ब्रेकबद्दल गैरसमज फार. झाकण बंद केलं की एक तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की तार सैल पडते आणि ब्रेक लागतो. म्हणजे तार ताणून लांबली किंवा गंजून तुटली, तर ब्रेक लागलेलाच राहतो. टोपली जड फिरते, रबर जळल्यासारखा वास येतो आणि मोटर तापते. अशा वेळी बरेच जण मोटर गेली असं ठरवून मोकळे होतात. आधी तार बघावी. उलटा प्रकार, म्हणजे झाकण उघडूनही टोपली फिरतच राहणं, हे ब्रेकचं लायनिंग झिजल्याचं लक्षण. आठ-दहा सेकंदांत टोपली थांबलीच पाहिजे. थांबत नसेल तर दुरुस्तीपर्यंत ड्रायर वापरू नये. फिरत्या टोपलीत हात घातला आणि साडीचा पदर बोटांना गुंडाळला तर बोटं वाचत नाहीत. झाकणाचा स्विच आडवी तार मारून कायमचा चालू करून देणारा मेकॅनिक भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

टोपली आपटते ती बहुधा कपडे भरण्याच्या चुकीने. कपडा घडी करून मधोमध टाकू नये, कडेने गोल रचत जावं, साडी वेटोळं करून. वर दोन बोटं जागा सोडून जाळीची चकती दाबून बसवावी. नीट भरूनही टोपली एका बाजूला झुकत असेल तर तिन्हीपैकी एक स्प्रिंग किंवा तिचं रबर गेलेलं असतं. तिन्ही एकदमच बदलावीत. गोधडी ड्रायरमध्ये घालू नये. ती पाणी धरून ठेवते आणि स्प्रिंगांचा जीव जातो.

धुण्याच्या बाजूला कटकट कमी. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरकी, म्हणजे टबाच्या तळातली कपडे घुसळणारी चकती, फिरत नाही, असं झालं तर प्लग काढून फिरकी हाताने फिरवून बघावी. हाताला घट्ट लागली तर खाली नाणं, हेअरपिन किंवा बटण अडकलंय. सहज फिरत असेल तर संशय कपॅसिटरवर, ज्याला आपल्याकडे सगळे कंडेन्सर म्हणतात. नवा घेताना जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडाच घ्यावा. वॉशरचा साधारण दहाच्या आसपास, ड्रायरचा त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. मोठा घातला की मोटर जोरात चालते हा समज मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जाळतो. जुन्याला हात लावण्याआधी त्याची दोन टोकं इन्सुलेटेड दांडीच्या स्क्रू-ड्रायव्हरने जोडून चार्ज उतरवावा.

फिरकी एकाच दिशेला फिरत असेल तर टाइमरचे पॉइंट काळे पडलेत, टाइमर बदलावा. रिकामी फिरते पण कपडे घातले की थांबते, तर बेल्ट सैल आहे. मोटरचे बोल्ट ढिले करून ती मागे सरकवावी. बोटाने दाबल्यावर बेल्ट अर्धा इंच दबला तर ताण ठीक. टबाच्या मध्याखाली पांढरट-तांबूस थेंब साचत असतील तर फिरकीची ऑइल सील गेली. फिरकीचा मधला स्क्रू काढून फिरकी भोकांत दोऱ्या ओवून सरळ वर उचलायची. परत लावताना तिथे स्टेनलेसचा स्क्रू घालावा.

पाणी गळत राहण्याचं कारण इथे ठरलेलं आहे: वाळू. किनाऱ्यावरून आलेले कपडे आधी झटकून बादलीत खंगाळावेत, मगच मशीनला दाखवावेत. नाहीतर वाळूचा एक कण ड्रेन वॉल्व्हच्या रबराखाली बसतो आणि पाणी ठरत नाही. मासळीची खवलंही तोच उद्योग करतात. वॉल्व्हची टोपी काढून रबर पुसलं की काम झालं. या मशीनला पंप नसतो, पाणी उतारानेच जातं. माडाच्या आळ्याकडे नळी नेताना मध्ये पायरीवर चढवली तर ड्रायरच्या तळात पाणी साचतं आणि टोपली पाण्यात फिरते. नळीच्या टोकाला जाळी बांधावी, पावसात बेडूक आत शिरतात. उंदरासाठी खालची प्लास्टिकची जाळी वेगळी.

खाडीकाठच्या विहिरींचं पाणी चैत्र-वैशाखात मचूळ होतं. त्यात वडीचा साबण फेस देत नाही, उलट पांढरा चोथा कपड्यांना चिकटतो. पावडर बरी चालते. मात्र शेवटचं खंगाळणं गोड्या पाण्यात करावं. कपड्यात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे चांगला वाळलेला सदराही संध्याकाळी दमट लागतो. या बाबतीत ‘सेमी’ फुल ऑटोमॅटिकपेक्षा सरस. कोणत्या फेरीला कुठलं पाणी ओतायचं ते आपल्या हातात असतं, नळाला जोर नसला तरी कळशीने टब भरता येतो आणि मध्येच वीज गेली तरी काही बिघडत नाही. चावीचा टाइमर वीज नसतानाही उलगडत राहतो, वीज आली की तो पुन्हा फिरवून लावला की झालं.

अर्थिंगवर मात्र तडजोड नको. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ‘थोडा करंट मारते’ म्हणून चपला घालून कपडे धुणं हा उपाय नव्हे. जांभा उन्हाळ्यात पार कोरडा पडतो आणि कोरड्या जांभ्यात पुरलेलं अर्थिंग नावालाच असतं. खड्डा ओलसर जागी घ्यावा, मे महिन्यात त्यात पाणी घालत राहावं आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवावा.

मुंबईकरांच्या बंद घरांतली मशीन वेगळी हाताळावी लागते. मे महिन्यात वापरून कुलूप लावलं आणि गणपतीला येऊन थेट बटण दाबलं, तर मोटर जळण्याचा तो मुहूर्तच. आधी मागचा पत्रा उघडून उंदराने वायरी कुरतडल्यात का, टाइमरच्या पेटीत पाल किंवा मुंग्या आहेत का ते बघावं. फिरकी आणि टोपली हाताने दहा-वीस वेळा फिरवावी. ऊन असेल तर दिवसभर उघडी ठेवावी, नसेल तर पंख्याच्या वाऱ्यावर. मग रिकामा ड्रायर मिनिटभर चालवून थांबावं, वास घ्यावा, पुन्हा चालवावा. जाताना टब पुसून दोन्ही झाकणं फटीपुरती उघडी ठेवावीत.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणमधल्या वाशिष्ठीच्या पुरासारख्या पाण्यात मशीन बुडाली तरी ती लगेच भंगार होत नाही. प्लग अजिबात लावू नये. चिखल वाळण्याआधी गोड्या पाण्याने आतून धुवावी, दोन्ही मोटरी काढून दोन-तीन दिवस उन्हात वाळवाव्यात, कपॅसिटर आणि टाइमर सरळ फेकून नवे घालावेत. वाइंडिंगवाल्याकडून मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर, लावून घ्यावा. वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध एक मेगओहमच्या खाली असेल तर मोटर अजून ओली आहे किंवा गेली आहे. रिवाइंड करायची वेळ आली तर तांब्याची तारच मागावी. स्वस्तातल्या नव्या मोटरींत ॲल्युमिनियम असतं आणि खाऱ्या हवेत त्याचे जोड लवकर सुटतात.

सेकंड-हँड घ्यायची असेल तर विकणाऱ्याला पाच कपडे भिजवून ठेवायला सांगावं. ड्रायर भरून चालवावा, खाली पुठ्ठा सरकवावा. पाच मिनिटांनी पुठ्ठा कोरडा, झाकण उघडताच टोपली थांबली आणि मागच्या पत्र्याची खालची कड टणक लागली, तर नव्या ‘सेमी’च्या चौथाई किमतीपर्यंत द्यायला हरकत नाही. पुठ्ठ्यावर ड्रायरच्या बाजूला ओल दिसली तर सील आणि मजुरीचे पैसे तिथेच वजा करून घ्यावेत. मशीनवर ताजा रंग दिसला तर मात्र मागचा पत्रा उघडल्याशिवाय पैशाची गोष्टच काढू नये.